विषाणूंचं बेट आणि एका शेतकऱ्याचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाह्यरुग्ण विभागात एक शेतकरी आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आला. मुलाच्या तोंडात फोड आले होते, तळहातांवर आणि तळपायांवर लालसर पुरळ होती, अंगात थोडा ताप होता. ‘‘डॉक्टरसाहेब, गोठ्यात दोन गायींना लाळ्या झालाय. त्यांचंच ह्याला लागलं का?’’ बापाच्या चेहऱ्यावर काळजी होती. मी त्याला समजावलं. मुलाला झालेला आजार ‘हँड-फूट-माउथ’ म्हणून ओळखला जातो. गायीच्या लाळ-खुरकुताशी त्याच्या नावाचं साम्य आहे, पण विषाणू वेगळा आहे. लाळ-खुरकूत माणसाला होणं अत्यंत दुर्मीळ, आणि झालाच तर सौम्य. मुलाला पातळ आहार द्या, पाणी भरपूर पाजा, आठवड्याभरात बरा होईल.

बापाचा जीव भांड्यात पडला. उठता उठता त्यानं आणखी एक प्रश्न विचारला. ‘‘साहेब, हे असले रोग प्रयोगशाळेतनंच सोडत्यात म्हणं. खरं हाय का?’’

बाहेर रांग मोठी होती. ‘‘छे हो, काहीतरीच काय,’’ म्हणून मी पुढचा केसपेपर ओढला. संध्याकाळी मात्र ते उत्तर मलाच खटकायला लागलं. त्याच्या गोठ्यातला लाळ्या कुणी सोडलेला नव्हता, हे नक्की. तो आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. पण ‘काहीतरीच’ म्हणावं इतका त्याचा प्रश्न वेडगळ होता का? नेमका हाच रोग, लाळ-खुरकूत, प्रयोगशाळेत वाढवून शत्रूच्या गुरांवर सोडण्याची तयारी एका देशानं खरोखर केली होती. त्याच प्रयोगशाळेनं या रोगाची लसही तयार केली होती. ती प्रयोगशाळा होती जर्मनीतल्या रीम्स नावाच्या एका चिमुकल्या बेटावर.

लोफ्लर आणि गाळणीतून सुटलेला जंतू

फ्रीडरिश लोफ्लर हे नाव प्रत्येक डॉक्टरनं विद्यार्थिदशेत घोकलेलं असतं. माणसातल्या घटसर्पाचा जंतू १८८४ मध्ये प्रयोगशाळेत वाढवून दाखवणारा तो हाच. घशातला नमुना ज्या खाद्यावर वाढवायचा, त्याला आम्ही ‘लोफ्लरचं सीरम’ म्हणायचो. रॉबर्ट कॉख यांचा हा सहकारी. त्याआधी, १८८२ मध्ये, घोड्यांना होणाऱ्या ग्लँडर्स या जीवघेण्या रोगाचा जंतूही त्यानं सहकाऱ्याच्या साथीनं शोधला होता.

१८९७ मध्ये त्याच्याकडे लाळ-खुरकुताचा अभ्यास सोपवण्यात आला. त्यानं आणि पाउल फ्रॉश यांनी आजारी जनावरांच्या फोडांतला द्रव घेतला, तो अगदी बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळला आणि निरोगी वासरांना टोचला. गाळणीत सगळे जंतू अडकायला हवे होते. तरीही वासरं आजारी पडली. म्हणजे नेहमीच्या जंतूंपेक्षा कितीतरी लहान असं काहीतरी गाळणीतून पार होत होतं. १८९८ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. प्राण्यांमध्ये रोग घडवणाऱ्या विषाणूचा हा पहिला शोध. पोलिओ, गोवर, करोना या सगळ्यांच्या अभ्यासाची वाट इथून सुरू होते.

पण लाळ-खुरकुताचा विषाणू हा फार पसरट स्वभावाचा. जनावराच्या श्वासातून, लाळेतून, दुधातून, माणसाच्या चपलेतून, गाडीच्या चाकातून तो प्रवास करतो. हवामान अनुकूल असेल तर वाऱ्यावर स्वार होऊन समुद्रही ओलांडतो. १९८१ मध्ये तो फ्रान्सच्या किनाऱ्यावरून खाडी ओलांडून ब्रिटनच्या बेटांवर पोहोचला होता. ग्राइफ्सवाल्ड या विद्यापीठाच्या गावात लोफ्लरचे प्रयोग सुरू असताना आसपासच्या गोठ्यांत रोग दिसू लागला. शेतकरी वैतागले आणि १९०७ मध्ये तिथले प्रयोग बंद करावे लागले.

मग जागा शोधली ती पाण्यात. ग्राइफ्सवाल्डजवळच्या उथळ उपसागरात रीम्स हे बेट आहे. लांबी जेमतेम सव्वा किलोमीटर, रुंदी तीनेकशे मीटर. १९१० मध्ये लोफ्लरनं तिथं मुक्काम हलवला. विषाणूंच्या अभ्यासासाठी खास उभी राहिलेली ही जगातली पहिली संस्था मानली जाते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. भारतातली ‘इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ १८८९ मध्ये आपल्या पुण्यात सुरू झाली. पण भरवस्तीत बुळकांडीसारख्या रोगाचे जंतू हाताळणं धोक्याचं होतं. म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात, मुक्तेश्वरला हलवली गेली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. कुणी डोंगर निवडला, कुणी बेट. रोग बाहेर जाऊ नये ही काळजी दोन्हीकडे तीच.

पहिलं महायुद्ध : घोडे निशाण्यावर

१९१३ मध्ये लोफ्लर बर्लिनला कॉख यांच्या संस्थेचा प्रमुख म्हणून गेला आणि १९१५ मध्ये वारला. युद्धामुळे बेटावरचं संशोधन थांबलं. पण त्याच्या एका जुन्या शोधाला याच काळात भलतंच वळण लागलं.

तेव्हाची सैन्यं घोड्यांवर चालत. तोफा, दाणागोटा, जखमी सैनिक, सगळं घोडे आणि खेचरं ओढत. मित्रराष्ट्रांना हे घोडे अमेरिकेतून जहाजांनी येत. अंटोन डिल्गर या जर्मन वंशाच्या, अमेरिकेत जन्मलेल्या डॉक्टरनं १९१५ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या एका घरात ग्लँडर्स आणि काळपुळीचे जंतू वाढवायला सुरुवात केली. जर्मन हस्तक ते जंतू बंदरांवर वाट पाहणाऱ्या घोड्यांना टोचत. डिल्गर हायडेलबर्गला शिकलेला शल्यचिकित्सक होता. लोफ्लरनं ग्लँडर्सचा जंतू शोधला होता तो रोगाशी लढण्यासाठी. तेहतीस वर्षांनी तोच जंतू दुसऱ्या एका डॉक्टरच्या हातात हत्यार बनला होता.

या युद्धानंतर, १९२५ मध्ये, जिनिव्हा करार झाला. त्यानं विषारी वायू आणि रोगजंतू युद्धात वापरायला मनाई केली. संशोधन करायला, साठा करायला मात्र मनाई नव्हती. ही फट पुढे फार महागात पडणार होती.

लस आणि अस्त्र

युद्धानंतर रीम्सची सूत्रं ओटो वाल्डमान या पशुवैद्याकडे आली. त्यानं संस्था मोठी केली. बेट आणि किनारा यांच्यामध्ये तारेवरून जाणारा पाळणा बसवला. गायीऐवजी गिनिपिगवर हा रोग अभ्यासता येतो हे दाखवलं, त्यामुळे प्रयोग स्वस्त झाले आणि वेगानं होऊ लागले. १९३८ मध्ये वाल्डमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लाळ-खुरकुताची परिणामकारक लस तयार केली. त्या वेळी युरोपात या रोगाची मोठी साथ चालू होती.

लस बनवण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. गायीच्या जिभेत विषाणू टोचायचा. फोड आले की जिभेवरची ती त्वचा आणि द्रव गोळा करायचा. त्यात विषाणू खच्चून भरलेला असतो. मग तो फॉर्मालिननं निष्प्रभ करायचा आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या कणांवर बसवायचा. (धनुर्वाताच्या इंजेक्शनात आजही ॲल्युमिनियमचे असेच क्षार असतात, प्रतिकारशक्तीला जागं करण्यासाठी.) म्हणजे लस हवी असेल तर आधी जिवंत विषाणू मोठ्या प्रमाणावर पिकवावा लागतो. फॉर्मालिन घातलं की लस. फॉर्मालिन घालायच्या आधी थांबलं, की हातात असतो तो नुसता रोग.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हा जिवंत विषाणू भरपूर पिकवण्याची विद्या रीम्सकडे होती. १९४२ मध्ये एरिश ट्राउब हा शास्त्रज्ञ बेटावर आला. माणूस साधासुधा नव्हता. १९३० च्या दशकात तो अमेरिकेतल्या रॉकफेलर संस्थेत काम करत होता. पोटात असतानाच विशिष्ट विषाणूची लागण झालेले उंदीर तो विषाणू जन्मभर बाळगतात आणि आजारी पडत नाहीत, हे त्यानं तिथे पाहिलं होतं. शरीर ‘आपलं’ आणि ‘परकं’ कसं ओळखतं, याचा पुढचा सगळा विचार या निरीक्षणाचा ऋणी आहे. मॅकफार्लेन बर्नेट यांनी त्याचा आधार घेतला आणि १९६० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अवयव प्रत्यारोपणाबद्दल आज आम्ही रुग्णांच्या नातेवाइकांना जे समजावतो, त्याच्या मुळाशी ट्राउबचे उंदीरही आहेत.

हाच ट्राउब रीम्सवर जैविक अस्त्रांच्या कामात होता. हे काम कुर्ट ब्लोमे याच्या देखरेखीखाली चाले. ब्लोमे डॉक्टर होता, नाझी राजवटीतल्या वैद्यकीय क्षेत्रातला बडा अधिकारी. एस.एस.चा प्रमुख हाइनरिश हिमलर याला या कामात रस होता. हिटलरनं १९४२ मध्ये आक्रमक जैविक अस्त्रांवर बंदी घातली होती, तरी ‘शत्रूनं वापरलं तर आपली तयारी हवी’ या सबबीखाली काम पुढे सरकत राहिलं. व्यापलेल्या सोव्हिएत प्रदेशात विमानातून लाळ-खुरकुताचा विषाणू गुरांवर आणि रेनडिअरांवर फवारून पाहिला गेला.

गुरांवरच का? शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. लाळ्यानं मोठी जनावरं सहसा मरत नाहीत. पण दूध आटतं, वासरं दगावतात आणि ऐन पेरणीत बैल लंगडा होतो. माणसाला हातही न लावता त्याची भाकरी काढून घेता येते. १९४४ मध्ये ट्राउबला तुर्कस्तानात पाठवण्यात आलं, ते बुळकांडीचा विषाणू आणण्यासाठी. बुळकांडी म्हणजे गुरांचा काळच. एका फेरीत गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. आणलेला विषाणू निकामी निघाला आणि तो बेत बारगळला.

दोष एकट्या जर्मनीच्या माथी मारणं बरोबर होणार नाही. ब्रिटननं १९४२ मध्ये स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर मेंढ्या बांधून काळपुळीचे बॉम्ब फोडले. जर्मन गुरांसाठी काळपुळीचे जंतू भरलेल्या पेंडीच्या लाखो वड्याही बनवून ठेवल्या. त्या वापरल्या गेल्या नाहीत. पण ग्रुइनार्डची माती जंतूंनी इतकी भरली की १९८६ मध्ये शेकडो टन फॉर्माल्डिहाइडचं द्रावण ओतून ती धुवावी लागली. १९९० मध्ये बेट सुरक्षित असल्याचं जाहीर झालं, म्हणजे जवळपास अर्ध्या शतकानं.

युद्ध संपलं, माणसं राहिली

१९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य रीम्सवर पोहोचलं. यंत्रसामग्री उचलून नेली गेली. नंतर तिथंच पुन्हा लस बनवायचं काम सुरू झालं. वाल्डमान १९४८ मध्ये अर्जेंटिनाला गेला. ट्राउब त्याच सुमारास कुटुंबासह पश्चिमेकडे निसटला आणि अमेरिकेच्या ‘ऑपरेशन पेपरक्लिप’ या योजनेतून अमेरिकेत पोहोचला. तिथल्या नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत त्यानं काम केलं. रीम्समध्ये काय काय चाललं होतं, हे अमेरिकी लष्करी शास्त्रज्ञांनी त्याच्याकडून जाणून घेतलं. १९५३ मध्ये तो पश्चिम जर्मनीत परतला आणि ट्यूबिंगेन इथल्या प्राण्यांच्या विषाणूरोग संस्थेचा प्रमुख झाला. ब्लोमेवर न्यूरेंबर्गच्या डॉक्टरांच्या खटल्यात आरोप ठेवले गेले, १९४७ मध्ये तो निर्दोष सुटला. काही वर्षांतच अमेरिकी लष्करानं त्यालाही कामावर घेतलं.

डॉक्टर म्हणून मला या भागानं सर्वांत अस्वस्थ केलं. जिंकलेल्यांनाही त्या माणसांचं ज्ञान हवं होतं. ‘हे का केलंत?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘कसं केलंत ते सांगा’ हा पुढे आला.

रीम्स बेट पूर्व जर्मनीत राहिलं. १९५२ मध्ये संस्थेला फ्रीडरिश लोफ्लर यांचं नाव दिलं गेलं. पुढे भराव घालून बेट किनाऱ्याला जोडलं. जर्मनीच्या एकीकरणानंतर ती देशाची प्राण्यांच्या आरोग्याची मध्यवर्ती संस्था झाली. आता गाय-बैलांसारख्या मोठ्या जनावरांवर सर्वांत धोकादायक विषाणूंचा अभ्यास करता येईल अशी, जैवसुरक्षेच्या चौथ्या म्हणजे सर्वोच्च स्तराची प्रयोगशाळा तिथं आहे. अशा जागा जगात मोजक्याच. करोनाच्या साथीत कुठल्या प्राण्यांना तो विषाणू बाधू शकतो, याचे सुरुवातीचे प्रयोग तिथं झाले. जानेवारी २०२५ मध्ये बर्लिनजवळच्या एका म्हशींच्या कळपात लाळ-खुरकूत सापडला. जर्मनीत १९८८ नंतर तो पहिल्यांदाच आला होता. खात्रीचं निदान रीम्सच्या संस्थेनंच केलं आणि साथ पसरण्याआधी आटोक्यात आली. जिथून हा रोग शस्त्र म्हणून बाहेर पडणार होता, त्याच बेटानं तो या वेळी रोखला.

मग त्या शेतकऱ्याला काय सांगायचं?

एक तर हे, की विषाणू प्रयोगशाळेतून निसटू शकतात. हे मान्य करण्यात कमीपणा नाही. १९७८ मध्ये अमेरिकेच्या प्लम आयलंडवर लाळ-खुरकुताचा विषाणू प्रयोगशाळेच्या इमारतीबाहेरच्या जनावरांत पोहोचला. तो मुख्य भूमीवर गेला नाही, कारण मधे पाणी होतं. २००७ मध्ये इंग्लंडमध्ये पिरब्राइट इथल्या संशोधन परिसरातून तो निसटला. सांडपाण्याची जुनी, गळकी नळी हे त्याचं कारण ठरलं. कुणाचा कट नव्हता, नळदुरुस्ती राहून गेली होती. पण चौकशी झाली, अहवाल सर्वांसमोर आला, म्हणून हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे.

दुसरं असं, की बेट, डोंगर किंवा जाड भिंती विषाणूला अडवतात, तशाच लोकांच्या नजराही अडवतात. १९४२ ते १९४५ मधल्या रीम्सवर अडचण विज्ञानाची नव्हती. तिथलं काम पाहणारं, विचारणारं, छापणारं बाहेरचं कुणी उरलं नव्हतं. १९०७ मध्ये ग्राइफ्सवाल्डचे शेतकरी तक्रार करू शकले आणि प्रयोग थांबले. १९४३ मध्ये तक्रार करायला कुणाची हिंमत होती? आज पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत आणि भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेतही अतिधोकादायक विषाणू हाताळले जातात, आणि ते गरजेचंच आहे. अशा संस्थांना पैसा, माणसं आणि देखभाल मिळते का, त्यांची तपासणी होते का, चूक झाली तर ती जाहीर होते का, हे विचारणं नागरिकांचं काम आहे. त्यात विज्ञानविरोध काही नाही.

जैविक अस्त्रं बनवायला आणि साठवायलाही बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९७२ मध्ये खुला झाला आणि १९७५ मध्ये लागू झाला. भारतानंही तो स्वीकारला आहे. जिनिव्हा कराराची फट त्यानं बुजवली. पण कुणी करार मोडतंय का, हे जाऊन तपासण्याची यंत्रणा त्यात आजही नाही. रासायनिक अस्त्रांच्या करारात ती आहे.

आणि तिसरं, या इतिहासामुळे लशीकडे पाठ फिरवू नका. ट्राउब ज्या बुळकांडीला हत्यार करू पाहत होता, ती आज पृथ्वीवर नाही. मुक्तेश्वरसारख्या संस्थांमधल्या संशोधनातून आलेल्या लशी आणि गावोगाव फिरलेले पशुवैद्य यांच्यामुळे २०११ मध्ये जगानं तिच्या उच्चाटनाची घोषणा केली. देवीनंतर माणसानं कायमचा संपवलेला हा दुसराच रोग. आजची तरुण मुलं बुळकांडी हा शब्दही ओळखत नाहीत. लाळ-खुरकुतासाठीही आपल्याकडे २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. गुरांच्या कानात बिल्ला आणि ठरल्या वेळी मोफत लस, अशी सोय आहे. ती लस चुकवू नये.

पंधरा दिवसांनी तो शेतकरी मुलाला दाखवायला पुन्हा आला. पोरगं टुणटुणीत झालं होतं. रांग त्या दिवशीही होती. तरी मी त्याला बसवून घेतलं आणि सांगितलं, ‘‘त्या दिवशी मी घाईत उत्तर दिलं. तुमच्या गोठ्यातला लाळ्या कुणी सोडलेला नाही. पण असं करायचा प्रयत्न जगात झालेला आहे, तेव्हा तुम्ही विचारलंत ते बरोबरच होतं.’’ मग थोडक्यात त्या बेटाची गोष्ट सांगितली. तो शांतपणे ऐकत होता.

‘‘म्हंजे लस करणारा आन् रोग सोडणारा एकच गडी?’’ त्यानं विचारलं.

‘‘त्या बेटावर, त्या काळात, हो.’’

‘‘मंग त्याच्यावर नजर ठेवाया पायजे,’’ तो म्हणाला. जाताना दारात थांबून त्यानं विचारलं, की राहिलेल्या दोन म्हशींना लस कधी टोचून घ्यायची. पशुवैद्यकीय दवाखान्यात उद्याच चौकशी करा, असं मी सांगितलं.